जुना लॅपटॉप, लिनक्स आणि पिठाचा कोंबडा



विषय वाचून काहीजणींना वाटेल, हिला झालंय काय? पापड-कुरडयांवरून एकदम लॅपटॉपवर? पण घरात वस्तू किती ठेवायच्या, त्या कशा वापरायच्या आणि मुलांच्या हातात काय द्यायचं, हे तर आपले नेहमीचेच विषय. यावेळी वस्तू तेवढी वेगळी आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्या दिवशी कोणाचा लॅपटॉप बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणं थांबलं. नाव नोंदवून वर्षभराची मुदतवाढ मिळते, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा लॅपटॉप २०१७ सालचा, सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकला.

घरात लगेच चर्चा सुरू झाली. धाकटा आठवीत आहे. त्याचं म्हणणं, "आई, नवीन घेऊया ना, यावर तसंही काही चालत नाही." यांनी दोन-तीन दुकानांत विचारलं. त्याला हवा तसा, गेम चालणारा लॅपटॉप पन्नास हजारांच्या खाली मिळेना. शेलूत घर घेतलं तेव्हापासून दर महिन्याच्या हप्त्याचा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे पन्नास हजार म्हणजे काय, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पण माझी अडचण नुसत्या पैशाची नव्हती. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी परिग्रह-परिमाणाची वही नव्याने लिहिली होती. जुन्या याद्यांत शेत, घर, चांदी, सोनं, धनधान्य, कपडे-भांडी असतात. मी त्यात विजेच्या वस्तूही घातल्या होत्या आणि लॅपटॉपपुढे लिहिलं होतं, एक. आता हिशेब तर सोपा होता. नवा आणायचा, जुना भंगारवाल्याला द्यायचा. आकडा एकच राहतो, व्रत मोडत नाही. पण ते वहीतलं झालं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मनाच्या ओढीवर केली आहे. आणि भंगारात गेलेला लॅपटॉप नाहीसा होत नाही. कुठेतरी कोणीतरी तांब्यासाठी त्याच्या वायरी जाळतं, पत्र्यावर आम्ल ओततं. तो धूर आणि ते पाणी ज्या जिवांवर जातं, ते आपल्या वहीत येत नाहीत एवढंच.

म्हणून ठरवलं, आधी हाच लॅपटॉप पुन्हा उभा करून बघायचा. लिनक्स टाकून.

लिनक्स म्हटलं की बायका म्हणतात, ते इंजिनिअर लोकांचं. त्यांना मी आपल्याच कर्जत तालुक्यातलं एक उदाहरण देते. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जगभरच्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग खैराट नावाच्या छोट्या गावात झाला. जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा, वीस-बावीस मुलं, चारही इयत्ता एकाच खोलीत. त्या मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. त्यांची मेमरी फक्त २५६ एमबी, सगळं साठवायला १ जीबी जागा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून कीबोर्डवर रबराचं आवरण. आत लिनक्स. आमच्या 'जुन्या' लॅपटॉपची मेमरी ८ जीबी, म्हणजे त्याच्या ३२ पट! त्या कीबोर्डवर एक खास कळही होती. ती दाबली की समोर चाललेला प्रोग्राम कसा लिहिला आहे, ते उघडून बघता यावं हा हेतू. ती योजना आपल्या देशात फार पसरली नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच तिला नकार दिला होता. पण पहिलीतल्या पोरांनी जे हाताळलं, ते आपल्याला जमणार नाही असं म्हणायला आता जागा नाही.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते, क्रमाने.

सर्वांत आधी सगळे फोटो, शाळेचे कागद, पावत्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. ही पायरी कोणीही गाळू नका, कारण नवी प्रणाली टाकताना जुनं सगळं पुसलं जातं.

मग सफाई. शेलूचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीला ओल, आणि ऊब मिळेल तिथे मुंग्या. लॅपटॉपच्या जाळीतून त्या आत शिरतात, कधी झुरळाचं पिल्लूही. दुकानात गेलं की हवेचा जोरदार झोत मारून मोकळे होतात. मी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, सावलीत जाळीची बाजू खाली करून दिवसभर उभा ठेवला. मधूनमधून हलकेच टिचकी. मुंग्या आपापल्या वाटेने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं, बॅटरीची जोडणी सोडवली आणि मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ काढली. नुसत्या धुळीमुळे तो किती तापत होता, ते नंतर कळलं. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. खर्च साडेतीन हजारांच्या आत. जुना लॅपटॉप संथ वाटतो तेव्हा अनेकदा दोष त्या फिरत्या डिस्कचा असतो. तेवढी एक गोष्ट बदलली तरी निम्मं काम होतं.

मी लिनक्स मिंट घेतलं. लिनक्सचे प्रकार बरेच आहेत, पण मिंटचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. त्यामुळे घरातल्यांना नवखं वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. साधारण तीन जीबीची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. यातली सोय अशी की डिस्कला हात न लावता आधी सगळं वापरून बघता येतं. साडी घ्यायच्या आधी अंगावर टाकून बघतो, तसं. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, हे कागदावर लिहून मी एकेक खूण करत गेले.

एकच खूण राहिली, वायफाय. नावच दिसेना. कारण साधं आहे. प्रत्येक सुट्या भागाशी बोलायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. बहुतेक ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात. पण काही चिप बनवणारे आपला ड्रायव्हर खुला करत नाहीत, मग तो वेगळा आणावा लागतो. आणि इंटरनेट नसताना आणायचा कसा? उपाय फोनमध्ये आहे. फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. लॅपटॉपला फोनचं इंटरनेट मिळतं. मिंट डिस्कवर बसवून झाल्यावर मी हेच केलं. मग मेनूतला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला. त्याने वायफायचा आणि ग्राफिक्स कार्डचा असे दोन ड्रायव्हर सुचवले. ज्याच्यापुढे 'शिफारस केलेला' लिहिलं होतं, तो निवडला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 'सिक्युअर बूट' चालू असेल तर हा ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. निळा पडदा बघून घाबरायचं नाही, आणि तो तसाच पुढे ढकलायचाही नाही. ढकलला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

झाकण मिटून उघडलं की पडदा काळाच राहायचा. ते अपडेट मॅनेजरमधून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अद्ययावत केल्यावर सुटलं. बोटाचा ठसा ओळखणारी खाच मात्र अजून चालत नाही. त्यासाठी ड्रायव्हर नाही. पासवर्ड टाकतो, काही अडत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्टने देवनागरी थेट उमटते. हा लेख तसाच लिहिला आहे. ज्यांना मुळापासून शिकायचं आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत. पडद्यावर बघायचं आणि सोबत करत जायचं.

या सगळ्याला मी प्रणालीपोटी किती पैसे दिले? शून्य. यांना ते खरंच वाटेना. "कोण कशाला फुकट करेल?" मला मात्र ते ओळखीचं वाटलं. आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. छापखाने नव्हते तेव्हा शास्त्रदान म्हणजे ग्रंथाची प्रत करवून देणं. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून तिने वाटल्या, असं परंपरा सांगते. हजार प्रती, हाताने! ग्रंथ कपाटात राहिला तर एका वाळवीने संपतो, वाटला तर टिकतो, हे त्या बाईला ठाऊक होतं.

लिनक्सचंही असंच. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉर्वल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांसमोर ठेवला. त्याच्या आधी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. त्यातूनच जीपीएल नावाचा परवाना आला. तो म्हणतो, हे वापरा, उघडून वाचा, बदला, प्रत करून वाटा. अट एवढीच की बदलून पुढे वाटलंत, तर पुढच्यालाही हेच हक्क द्या. म्हणजे शास्त्रदान घेणाऱ्याने ते अडवून ठेवायचं नाही. माझ्या लॅपटॉपची झोप ज्या दुरुस्तीने उघडली, ती कोणी केली ते मला माहीत नाही, आणि त्याला शेलू माहीत नाही. पण उपकार झालाच ना?

आता गेम. खरी कसोटी इथेच होती.

धाकट्याला वाटत होतं, लिनक्स म्हणजे खेळ संपले. तसं नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं साधन १९९३ पासून आहे. ते दुभाष्याचं काम करतं. गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, वाइन ते लिनक्सच्या भाषेत सांगतं. २०१८ मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानाने वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं. स्टीम उघडायचं, गेम बसवून सुरू करायचा, झालं. त्याच्याकडचे दोन जुने गेम, एक गाड्यांचा आणि एक शेतीचा, असे पहिल्याच दिवशी सुरू झाले. गाड्यांचा आधी अडखळत होता. आमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं कार्ड. वीज वाचावी म्हणून सगळं पहिल्यावरच चालतं. मेनूत स्टीमवर उजवी क्लिक करून वेगळ्या कार्डावर चालवायला सांगितलं, आणि गाडी पळाली. तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण त्याच्या मित्रांचा जो गोळीबाराचा गेम, तो चालेना. अशा काही गेममध्ये लबाडी पकडणारा पहारेकरी प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसवलेला असतो. तो विंडोजसाठीच लिहिलेला आहे आणि दुभाष्याला आत सोडत नाही. हे आम्ही बनवून चालण्यासारखं नाही. गेम करणाऱ्यांनी परवानगी दिली तरच.

मैत्रिणींनो, इथे मला एक सोपी वाट होती. "लिनक्सवर होत नाही, मी काय करू?" म्हणायचं आणि सुटायचं. पण ते सत्य अर्धंच झालं असतं. म्हणून त्याला समोर बसवून सांगितलं, "चालत नाही हे खरं. पण चालला असता तरी माझी हरकत होती, आणि ती दुसऱ्या कारणाने."

"आई, त्यात खरं कोण मरतं? सगळं खोटंच असतं," तो म्हणाला.

मग मी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. सोमदेवसूरींचं यशस्तिलक ९५९ सालचं, पण गोष्ट त्याहून जुनी. राजाने आईला एक वाईट स्वप्न सांगितलं. आई म्हणाली, देवीला बळी दे. राजा नाही म्हणाला. शेवटी आईच्या आग्रहाखातर मधला मार्ग निघाला, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही त्या संकल्पापायी आई आणि मुलगा दोघंही पुढे कितीतरी जन्म पशुयोनीत फिरले. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पिठाचा कोंबडा आईनेच करायला लावला."

गोष्ट मी कितीदा ऐकली, सांगितली, पण हा शब्द असा कानावर आला नव्हता. लॅपटॉप मी उभा केला, ड्रायव्हर मी बसवला, खेळ मी चालू करून दिला. आईने हातात काय दिलं, याला त्या गोष्टीत मोठी किंमत आहे.

तरी सगळं बंद, असं मी केलं नाही. शाळेतल्या बोलण्यात तो एकटा पडतो, ते मला दिसतं. मित्रांबरोबर तो आता गाड्यांच्या शर्यती खेळतो. त्यातले दोघं अजून गोळीबाराकडेच जातात, आणि त्या वेळी हा बाहेर असतो. ते दुःख खरं आहे. त्याला लहान म्हणून मी ते हसण्यावारी नेत नाही.

एका खेळावर मात्र आमची अजून चर्चा चालू आहे. 'झिरो एडी' नावाचा प्राचीन राज्यांचा गेम आहे, लिनक्सवर थेट चालतो, फुकट आणि खुला. त्यात मौर्यांचं राज्य निवडता येतं, आणि वीरांमध्ये चंद्रगुप्त मौर्य! शेती, लाकूडतोड, घरं, वाडे, आणि मग हत्तींचं सैन्य. लढाई आहेच. धाकटा म्हणाला, "हा तर आपलाच राजा." म्हटलं, हो. आपल्या परंपरेत याच राजाने राज्य सोडलं, भद्रबाहूस्वामींबरोबर दक्षिणेत गेला आणि श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सल्लेखना घेतली. गेममध्ये तो शेवटचा भाग नाही. त्यावर त्याचं उत्तर, "गेम खुला आहे ना? मग घालता येईल." येईल की नाही, मला कळत नाही. पण त्याने प्रोग्राम उघडून बघायला सुरुवात केली आहे. सध्या ठरलंय ते असं. वाडे आणि शेती हवी तेवढी, स्वतःहून चढाई करायची नाही, आणि रोज एक मुहूर्तच खेळायचं. ४८ मिनिटं, सामायिकाएवढी. तो मोबाइलवर गजर लावतो. गजर वाजल्यावर चार मिनिटं जास्त मागतो, ते प्रत्येक घरात असेल.

माझ्या वहीत अजून लॅपटॉपपुढे एकच आकडा आहे. वाचलेल्या पैशांतून यावर्षी शास्त्रदानासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवली आणि थोडी लिनक्स मिंटलाही पाठवली. ते लोक देणगीवर चालतात.

शेलू, नेरळ, वांगणी भागात कोणाकडे असाच पडलेला लॅपटॉप असेल तर भंगारात देण्याआधी मला सांगा. मिंटचा पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे, प्रत करून न्या. येताना तुमचा लॅपटॉप आणि फोनची वायर आणा. आदल्या दिवशी तो जाळी खाली करून सावलीत ठेवायला मात्र विसरू नका. मुंग्यांना निघायला वेळ लागतो.

जय जिनेंद्र!